डीएनएची वाहकता पावसाळ्यात का वाढते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सॅल्मन माशाच्या डीएनएचं द्रावण सोन्याचे दातेरी इलेक्ट्रोड असलेल्या चिपवर टाकून वाळवलं. एप्रिलमध्ये पुण्यात १ व्होल्टला करंट मोजला तेव्हा तो पिकोअँपिअरमध्ये होता, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तीच चिप जुलैमध्ये पुन्हा लावली तर करंट नॅनोअँपिअरमध्ये, हजारपटीच्या आसपास. गाईड म्हणतात ‘डीएनए वाहक आहे’ असं लिहा, मित्र म्हणतात चिप खराब झाली. वाचलेल्या पेपरांपैकी काही वाहक म्हणतात, काही अर्धवाहक, काही विसंवाहक. मग खरं काय, आणि हवेचा इतका परिणाम कसा?

चिप बहुधा खराब झालेली नाही. गाईडचं वाक्य मात्र एवढ्यावरून लिहू नका. डीएनए वाहक की विसंवाहक हे ठरवण्याआधी दुसराच प्रश्न सोडवावा लागतो: मीटरवर दिसलेला करंट नेमका कुठल्या वाटेने गेला आणि कोणी वाहून नेला? बेसच्या (म्हणजे ग्वानिन, सायटोसिन, अ‍ॅडेनिन आणि थायमिन या डीएनएच्या ‘अक्षरांच्या’) चळतीतून सरकणारा विद्युतभार, फॉस्फेट-साखरेच्या कण्यातून जाणारा विद्युतभार, रेणूभोवतीच्या पाण्यात फिरणारे आयन, वाळल्यावर मागे राहिलेलं मीठ आणि काचेच्या पृष्ठभागावरचा पाण्याचा थर, या सगळ्या वाटा तुमच्या चिपवर एकमेकींना समांतर आहेत. मीटर त्यांची बेरीज दाखवतो. आर्द्रता बदलली की यातली प्रत्येक वाट बदलते, पण वेगवेगळ्या प्रमाणात आणि वेगवेगळ्या कारणाने. म्हणून ‘परिसराचा परिणाम’ असं एकच उत्तर देता येत नाही.

बरंच काही तुमच्या तपशिलावर अवलंबून आहे. डीएनए कुठल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) होतं, त्यात मॅग्नेशियम होतं का, वाळल्यावर चिप धुतली का, इलेक्ट्रोडच्या दोन दातांमध्ये अंतर किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बाजारात मिळणाऱ्या अशा चिपांवर हे अंतर बहुतेक वेळा ५ ते १० मायक्रोमीटर असतं. तुमचंही तेवढंच असेल तर बेसच्या चळतीतून करंट एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत गेला असेल, ही शक्यता मी धरतच नाही. एकेका रेणूवर काळजीपूर्वक केलेल्या मोजमापांत भरवशाचा करंट दिसतो तो काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर अंतरावर. मायक्रोमीटर म्हणजे त्याच्या शेकडो पट. शिवाय वाळलेल्या फिल्ममध्ये रेणू कसेही पडलेले असतात, एकाचं टोक दुसऱ्याला नीट टेकलेलंही नसतं.

आधी मिठाबद्दल बोलू, कारण तुमच्या जुलैच्या आकड्यामागे माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. डीएनए सहसा मीठ घातलेल्या बफरमध्ये ठेवतात. थेंब वाळतो तेव्हा पाणी जातं, मीठ राहतं, आणि थेंबाच्या कडेला त्याचं कडं जमतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं तेच इथे सूक्ष्म प्रमाणात घडतं. प्रत्येक क्षाराची एक ठरलेली आर्द्रता असते. तिच्या खाली तो कोरडा स्फटिक राहतो, वर गेलं की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला साध्या मिठासाठी, म्हणजे सोडियम क्लोराइडसाठी, ही मर्यादा सुमारे ७५ टक्के आहे. मॅग्नेशियम क्लोराइडसाठी ती फक्त ३३ टक्के आहे.

आता पुण्याची हवा बघा. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते, जुलैमध्ये ८० च्या वर जाते. म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा यांच्यामध्ये तुमच्या चिपवरच्या सोडियम क्लोराइडने ७५ टक्क्यांची रेषा ओलांडली. एप्रिलमध्ये दोन दातांमध्ये कोरडे स्फटिक होते, जुलैमध्ये खारट पाण्याचा पूल. हजारपट वाढ समजावून सांगायला एवढं पुरेसं आहे, डीएनएची गरजही नाही. बफरमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड असेल तर तो पूल जूनच्या आधीच तयार झालेला असू शकतो, आणि एअर कंडिशनर लावलेल्या खोलीतही टिकतो.

हे तपासणं सोपं आहे. त्याच बफरचा तेवढाच थेंब, डीएनए न घालता, तशाच दुसऱ्या चिपवर वाळवा आणि दोन्ही चिपा एकाच हवेत मोजा. तिसरी चिप पूर्ण कोरी ठेवा, कारण काच आणि सिलिकॉन ऑक्साइडवरही दमट हवेत पाण्याचा पातळ थर बसतो आणि तोही करंट नेतो. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी डीएनए घातलेली चिप या दोन चिपांच्या आधी लावूच देत नाही. कारण एकदा आकर्षक आलेख हातात आला की कोऱ्या चिपेचं मोजमाप करायला कोणाचाच हात उठत नाही.

मग मीठ काढूनच टाकावं का? इथे एक अडचण आहे. डीएनएच्या दोन्ही साखळ्यांवर फॉस्फेटचा ऋण विद्युतभार असतो आणि त्या एकमेकींना दूर लोटतात. आजूबाजूला धन आयन पुरेसे असतील तरच दुहेरी मळसूत्र टिकतं. शुद्ध पाण्यात आखूड तुकडे खोलीच्या तापमानालाही सुटे होऊ शकतात. मग तुम्ही मोजाल ते दुहेरी डीएनए नसेलच. यावर मला रुचलेला मार्ग म्हणजे अमोनियम अ‍ॅसिटेट. द्रावणात ते आयन पुरवतं, आणि वाळवताना बराचसा भाग अमोनिया आणि अ‍ॅसेटिक आम्ल होऊन उडून जातो. फॉस्फेटला बांधलेले अमोनियम आयन राहतात, ते राहणारच, पण स्फटिकांचं कडं जमत नाही.

आता समजा मीठ नीट काढलं, कोऱ्या चिपा जवळजवळ शांत आहेत, आणि तरीही दमट हवेत डीएनएच्या चिपेवर करंट वाढतो. असं होतंच, आणि हा परिणाम खरा आहे. ओसाकाच्या तोमोजी कवाई यांच्या गटाने २००० नंतरच्या काही वर्षांत डीएनएच्या फिल्मवर हेच दाखवलं: आर्द्रता वाढली की वाहकता कित्येक पटींनी वाढते. कारण डीएनए स्वतःच पाण्याचं भुकेलं आहे. भरपूर दमट हवेत प्रत्येक न्यूक्लिओटाइडभोवती, म्हणजे बेस, साखर आणि फॉस्फेट मिळून होणाऱ्या एककाभोवती, सुमारे २० पाण्याचे रेणू बांधलेले असतात. त्या पाण्यात फॉस्फेटला सोबत करणारे सोडियम किंवा अमोनियम आयन सैल होतात आणि सरकू लागतात. प्रोटॉनही एका पाण्याच्या रेणूकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जातात. म्हणजे डीएनएच्या अंगावरच आयनांची एक वाट तयार होते. वाट डीएनएमुळे आहे हे बरोबर, पण तीतून इलेक्ट्रॉन चाललेले नाहीत.

एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या व्होल्टेजच्या, मोजमापांतही पाणी असंच मध्ये येतं. लॉस अँजेलिसच्या जॉर्ज ग्रूनर यांच्या गटाने २००४ मध्ये डीएनएची उच्च वारंवारतेवरची वाहकता वेगवेगळ्या आर्द्रतेला मोजली. दिसलेली वाहकता भोवतीच्या पाण्याच्या द्विध्रुवांच्या (एक टोक धन आणि दुसरं ऋण असलेल्या रेणूंच्या) हालचालीतून येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यासाठी मळसूत्रातून धावणारे मोकळे इलेक्ट्रॉन गृहीत धरावे लागले नाहीत. म्हणून ‘एसीने मोजलं म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका.

आयन आणि इलेक्ट्रॉन वेगळे ओळखायचे कसे? सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे घड्याळ. ०.२ व्होल्ट लावा आणि तसंच धरून ठेवा. व्होल्टेज वरखाली करत फक्त आलेख काढू नका. आयनांचा करंट सुरुवातीला उंच असतो, मग पहिल्या काही सेकंदांत झपाट्याने आणि पुढे मिनिटामिनिटाला हळूहळू उतरत जातो. आता व्होल्टेज एकदम शून्य करा. काटा शून्यावर थांबण्याऐवजी उलट्या दिशेला गेला आणि सावकाश परत आला, तर समजा की आयन एका दाताजवळ जाऊन साचले होते आणि आता माघारी फिरले. सोन्यात आयन शिरू शकत नाहीत, म्हणून ते साचतात. इलेक्ट्रॉनिक करंट असा वागत नाही: तो लावल्या क्षणापासून बऱ्यापैकी स्थिर राहतो आणि व्होल्टेज काढल्यावर मागे काही ठेवत नाही. इम्पिडन्स (वेगवेगळ्या वारंवारतेच्या एसी करंटला होणारा रोध) मोजायची सोय असेल तर कमी वारंवारतेला अर्धवर्तुळानंतर तिरपी शेपटी दिसते का पाहा. तीही साचलेल्या आयनांचीच खूण.

मी ०.२ व्होल्ट म्हटलं ते मुद्दाम. ओल्या चिपेवर १.२३ व्होल्टच्या वर गेलात की पाण्याचं विघटन शक्य होतं, आणि मग मिळणारा स्थिर करंट हा इलेक्ट्रॉनिक वाटतो पण असतो रासायनिक. दमट हवेतला २ किंवा ३ व्होल्टचा डीएनएचा आलेख मी याच कारणाने आधी बाजूला ठेवते.

इथवर पाणी ही शेजारची वाट होती. आता पाणी स्वतः रेणूला काय करतं ते पाहू. मला स्वतःला या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझालिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डीएनएच्या धाग्यांभोवतीची आर्द्रता काटेकोर राखून क्ष-किरण चित्रं काढली. त्यांना दिसलं की सोडियम डीएनए सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला एका रूपात असतं आणि त्याहून बरीच जास्त आर्द्रता झाली की दुसऱ्या रूपात जातं. पहिल्याला ए-रूप म्हणतात, दुसऱ्याला बी-रूप. पेशीत आढळतं ते मुख्यतः बी-रूप: दोन बेसजोड्यांमध्ये ०.३४ नॅनोमीटर, एका फेऱ्यात साधारण साडेदहा जोड्या, जाडी २ नॅनोमीटर. ए-रूप आखूड आणि जाड असतं, बेसजोड्या कललेल्या आणि मध्यापासून सरकलेल्या असतात. आर्द्रता आणखी खाली गेली तर नीट रचलेली चळतच विस्कटू लागते.

बेसमधून विद्युतभार जायचा तर एका बेसच्या इलेक्ट्रॉन ढगाने पुढच्या बेसच्या ढगावर नीट यायला हवं. ही कल्पना जुनी आहे, १९६२ मध्ये एली आणि स्पिव्ही यांनी ती मांडली. ढग किती एकमेकांवर येतात हे रूपावर ठरतं, आणि रूप पाण्यावर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जोश हिहाथ यांच्या गटाने २०१५ मध्ये हे एकेका रेणूवर दाखवलं. त्यांनी द्रावणात एथेनॉलचं प्रमाण वाढवून डीएनएभोवतीचं पाणी कमी केलं, तेव्हा रेणू बी-रूपातून ए-रूपात गेला आणि वाहकता सुमारे दहापट वाढली. रेणू तोच, बेसचा क्रम तोच, फक्त भोवतालचा द्रव बदलला. आणि दिशा बघा: तिथे पाणी कमी झाल्यावर वाहकता वाढली, तुमच्या चिपवर पाणी वाढल्यावर. दोन्ही निरीक्षणं बरोबर आहेत, कारण पहिलं रेणूच्या आतल्या वाटेचं आहे आणि दुसरं बाहेरच्या. ‘दमटपणाने डीएनएची वाहकता वाढते का?’ या प्रश्नाला म्हणूनच मी एका शब्दात उत्तर देत नाही.

पृष्ठभाग हाही परिसरच आहे, आणि पेपरांमधला तुम्हाला दिसलेला विरोधाभास बऱ्याच अंशी त्यातून आला. माद्रिदच्या डी पाब्लो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये लॅम्डा डीएनए (लॅम्डा नावाच्या विषाणूचं लांब डीएनए) अभ्रकावर पसरून मोजलं आणि सरळ सांगितलं की डीसी वाहकता नाही. डेल्फ्टच्या स्टॉर्म आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ४० नॅनोमीटरहून मोठ्या अंतरावर रोध किमान १० टेराओहम असल्याचं दाखवलं. पण पृष्ठभागावर आडव्या पडलेल्या अशा रेणूंची उंची अणुबल सूक्ष्मदर्शीखाली (बारीक सुई पृष्ठभागावरून फिरवून उंची मोजणाऱ्या यंत्राखाली) २ नॅनोमीटर भरत नाही, त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी भरते. म्हणजे रेणू पृष्ठभागाला घट्ट चिकटून चपटा झालेला आहे. कासुमोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हाच धागा धरला: पृष्ठभागावर पेंटिलअमिनचा थर दिला तर रेणूची जाडी मूळच्या इतकी राहते आणि तो करंट नेतो, चपटा झालेला रेणू नेत नाही. तुमच्या विभागात अणुबल सूक्ष्मदर्शी असेल तर करंटच्या आधी उंची मोजा. एका दुपारचं काम आहे, आणि पुढचे महिने वाचतात.

याउलट, पृष्ठभागापासून सुटा ठेवलेला आखूड रेणू चांगला वागतो. डेल्फ्टमध्येच डॅनी पोराथ, सेस डेकर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ३० जोड्यांचा, १०.४ नॅनोमीटर लांबीचा, सगळा ग्वानिन-सायटोसिनचा रेणू दोन इलेक्ट्रोडमध्ये अडकवला. त्यांना अर्धवाहकासारखा आलेख मिळाला, ठरावीक व्होल्टेजपर्यंत काही नाही आणि मग चढ. २००५ मध्ये पोराथ आणि रॉन नामान यांच्या गटांनी २६ जोड्यांचे रेणू सोन्यावर उभे ठेवले, वरच्या टोकाला सोन्याचा नॅनोकण बांधला आणि साध्या हवेत २ व्होल्टला २२० नॅनोअँपिअरपर्यंत करंट मोजला. तशाच रचनेत एकेरी साखळीने करंट नेला नाही, आणि त्यामुळे तो निकाल मी विश्वासाने उद्धृत करते. पोराथ यांच्या गटाने २०२० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: ३० नॅनोमीटरच्या दुहेरी डीएनएमध्ये कण्याला छेद दिला की करंट दबतो. म्हणजे सगळी वाहतूक बेसच्या चळतीतूनच होते, हे गृहीतकही तपासून घ्यावं लागतं.

निर्वात पोकळीत मोजलं तर पाण्याचा प्रश्न सुटतो असं काहींना वाटतं. पोकळीत पाणी उडून जातं हे खरं, पण त्याबरोबर रूपही जातं. आणि पोकळीचे स्वतःचे धोके आहेत. बासेलच्या फिंक आणि शोनेनबर्गर यांनी १९९९ मध्ये पोकळीत डीएनएचे दोर ताणून ते चांगले वाहक असल्याचं सांगितलं, तो पेपर तुम्ही वाचला असेलच. माद्रिदच्या गटाने नंतर दाखवलं की कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की रेणूवर झपाट्याने अशुद्धी जमते आणि वाहकता प्रचंड बदलते. चिप आधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली बघून मग मोजायची सवय असेल तर ती सोडा. आधी मोजा, मग बघा.

आता आयनांचा दुसरा परिणाम. आयन स्वतः करंट वाहत नसतानाही ते आतल्या वाटेची पातळी वरखाली करतात. आकड्यांत सांगते. बेसमधून सहसा विद्युतभार जातो तो धन पोकळीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या रिकाम्या जागेच्या, रूपात, आणि ती ग्वानिनवर विसावते, कारण ग्वानिनचं ऑक्सिडीकरण (त्यातून इलेक्ट्रॉन काढून घेणं) सर्वांत सोपं आहे: पाण्यात १.२९ व्होल्ट, अ‍ॅडेनिनचं १.४२. दोघांत फरक ०.१३ व्होल्ट. भोवतीचं पाणी आणि आयन सतत हलतात, त्यामुळे प्रत्येक बेसची ऊर्जा पिकोसेकंदांत बदलत राहते, आणि संगणकीय अभ्यासांत हा चढउतार ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात निघतो. म्हणजे परिसरामुळे होणारी हालचाल ग्वानिन आणि अ‍ॅडेनिन यांच्यातल्या फरकाच्या तिप्पट. कागदावर बेसचा क्रम लिहून जी पायऱ्यांची रांग आपण काढतो ती प्रत्यक्षात क्षणभरही तशी स्थिर नसते. जॉर्जिया टेकच्या बार्नेट, लँडमन आणि शुस्टर यांच्या गटाने २००१ मध्ये हेच आयनांच्या बाजूने मांडलं: सोडियम आयनांची मांडणी अनुकूल झाली की धन पोकळी पुढे सरकते, नाही तर थांबते.

म्हणून आतली वाट मोजायचीच असेल तर माझ्या मते उत्तम जागा म्हणजे द्रावण, जिथे रेणू त्याच्या नैसर्गिक रूपात असतो आणि आयनांचं प्रमाण आपल्या हातात असतं. अडचण एकच, द्रावण स्वतः आयनांचा करंट नेतं. अ‍ॅरिझोनाच्या नोंगजियान ताओ यांच्या गटाने २००४ मध्ये यावर साधा उपाय वापरला. टनेलिंग सूक्ष्मदर्शीची (अतिशय जवळ आणलेल्या सुईतून करंट मोजणाऱ्या यंत्राची) सोन्याची सुई मेणाने झाकायची आणि फक्त टोक उघडं ठेवायचं, म्हणजे आयनांना भिडायला जागाच उरत नाही. मग सुई सोन्याला टेकवून मागे ओढायची आणि मध्ये अडकलेल्या एकेका रेणूची पायरी वाचायची, हजारो वेळा. त्यांना दिसलं की ग्वानिन-सायटोसिनच्या रेणूंत वाहकता लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटते, पण मध्ये अ‍ॅडेनिन-थायमिनच्या जोड्या घातल्या की घातांकी वेगाने कोसळते. असा स्वच्छ नियम पाण्यात असताना मिळाला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बाकीचे घटक भराभर सांगते. ऑक्सिजनने फरक पडतो: ओसाकाच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की ऑक्सिजनमध्ये ग्वानिन-सायटोसिनच्या डीएनएची वाहकता वाढते आणि अ‍ॅडेनिन-थायमिनच्याची घटते, म्हणून मोजताना कोरडा नायट्रोजन की हवा हे लिहून ठेवा. तापमान वाढवून मोजायचं असेल तर मध्येच साखळ्या सुट्या होत नाहीत ना, हे पाहा. आणि गरम केल्यावर फिल्म वाळतेही, त्यामुळे बंद डबी नसेल तर तापमानाच्या नावाखाली तुम्ही आर्द्रताच बदलत असता. मापनातली ही गल्लत मी इतक्या प्रबंधांत पाहिली आहे की तापमानाचा आलेख दिसला की आधी डबीचं चित्र शोधते.

तुमच्या चिपेवर आता काय करायचं? पावसाळा संपायची वाट बघू नका. काचेचा छोटा डेसिकेटर (घट्ट झाकणाचं भांडं) घ्या आणि तळाशी संपृक्त क्षाराचं द्रावण ठेवा, वरची हवा आपोआप ठरावीक आर्द्रतेवर येते: लिथियम क्लोराइडने ११ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडने ३३, सोडियम क्लोराइडने ७५, पोटॅशियम क्लोराइडने ८४, पोटॅशियम सल्फेटने ९७. द्रावणात न विरघळलेलं मीठ तळाला दिसत राहिलं पाहिजे, आणि प्रत्येक वेळी चिप रात्रभर आत राहू द्या, कारण जाड फिल्म तासाभरात पाण्याशी समतोल साधत नाही. आर्द्रता चढवत न्या आणि मग उतरवतही न्या. चढताना आणि उतरताना आलेख वेगळा आला तर तीही माहिती आहे: विरघळलेलं मीठ परत स्फटिक व्हायला ७५ च्या बरंच खाली यावं लागतं, त्यामुळे मिठाच्या चिपेवर हा फरक ठळक दिसतो.

हे सगळं डीएनएच्या, नुसत्या बफरच्या आणि कोऱ्या अशा तिन्ही चिपांवर करा. शक्य असेल तर चौथ्या चिपेवर तेच डीएनए उकळून आणि एकदम गार करून, म्हणजे साखळ्या सुट्या करून टाका. दुहेरी आणि सुट्या डीएनएचा करंट सारखाच आला तर वाहतूक मळसूत्राच्या चळतीतून होत नाही, हे जवळजवळ सिद्ध झालं. साखळ्या खरोखर सुट्या झाल्या का हे २६० नॅनोमीटरला शोषण मोजून कळतं, सुटं झाल्यावर ते ४० टक्क्यांपर्यंत वाढतं. ए-रूप की बी-रूप हे पाहायला वर्तुळाकार द्विवर्णता (डावा आणि उजवा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश किती वेगळा शोषला जातो ते) मोजणारं यंत्र जवळच्या जैवरसायन विभागात बहुतेक असतं. क्वार्ट्झच्या तुकड्यावर तशीच फिल्म करून घेऊन जा.

अहवालात काय लिहायचं हाही प्रश्न तुमच्यापुढे आहे. माझ्या मते असं लिहा की अमुक क्षार, अमुक आर्द्रता, अमुक अंतर आणि अमुक व्होल्टेज असताना फिल्ममधून इतका करंट गेला, तो वेळेबरोबर असा उतरला, आणि बफरच्या चिपेवर तो इतका होता. आर्द्रतेबरोबर आयनांची वाहकता कशी बदलते याचा नीट अभ्यास हा एम.एस्सी.साठी उत्तम प्रकल्प आहे. आर्द्रता मोजणाऱ्या संवेदकांसाठी डीएनए फिल्मचा विचार याच गुणामुळे होतो. गाईडना हे पटवायला शब्दांपेक्षा तीन चिपांचा एकाच कागदावरचा आलेख जास्त उपयोगी पडेल.

पुढचं सांगायला मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात: बफरमध्ये नेमके कोणते क्षार होते, आणि ०.२ व्होल्ट धरून ठेवल्यावर दहा मिनिटांत करंट किती उतरला. मोजताना खोलीतली आर्द्रताही शेजारी लिहा.